भागुबाईंनी लावलेला अर्थ

प्रफुल्ल त्रिभुवन यांना ग्रीक येत होतं. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाला ग्रीक कशाला हवं, असं तिथली मंडळी विचारायची, तेव्हा ते नुसतं हसायचे. नांदगावहून नोकरीसाठी आले तेव्हा पंचविशीत होते. पोस्टाने धडे मागवून, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून अक्षरं गिरवत त्यांनी बायबलातला नवा करार मूळ भाषेत वाचण्याइतकी तयारी केली. पाच वर्षं लागली. त्यानंतर सव्वीस वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या खोलीत ते बायबलचा अभ्यास घेत आले. अमुक शब्द मुळात काय होता, त्या काळी तिकडे जमिनी कोणाच्या असत, रोमी सरकार कर कसा वसूल करी, सगळं वहीत उतरवून आणायचे. लोक माना डोलवायचे. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलत गेले, गुरुवार कधी चुकला नाही.

मग स्नेहा आली. लहानपणी संडे स्कूलमध्ये त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी, धर्मशास्त्राची पदवी घेऊन परतली. नव्या पाळकसाहेबांनी तिला रविवारच्या उपासनेनंतरचा तास दिला. ती खुर्च्या गोल मांडायची. वही नाही, फळा नाही. उतारा दोनदा वाचून घ्यायची आणि विचारायची, “ही गोष्ट तुमच्या गल्लीत घडली असती, तर तुम्ही कुठे उभे असता?”

प्रफुल्लरावांना हे ऐकूनच राग आला. ज्याला जे वाटेल तो अर्थ, असं कसं चालेल? पण गुरुवारची गर्दी पातळ होत गेली. आधी वीसेक असायचे, मग अकरा, मग सहा. एका गुरुवारी खुद्द त्यांच्या पत्नी एस्तेरबाई म्हणाल्या, “आज नाही येत मी. रविवारी बसते ना स्नेहाकडे.”

“तिथे असं काय मिळतं?”

“बोलायला मिळतं,” एस्तेरबाई म्हणाल्या.

हे त्यांना फार लागलं. पुढच्या रविवारी ते स्वतः स्नेहाच्या तासाला जाऊन बसले. बघायला म्हणून गेले, असं त्यांनी घरी सांगितलं. खरं म्हणजे चुका टिपायला गेले होते.

त्या दिवशी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला होता, येशूने सांगितलेली बोधकथा. एक मालक पहाटे नाक्यावरून मजूर नेतो. मग दुपारी नेतो, आणि दिवस मावळताना उरलेल्यांनाही नेतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो. सकाळपासून राबलेले कुरकुर करतात, तेव्हा मालक विचारतो, माझा चांगुलपणा तुम्हाला खुपतो का? हा दाखला प्रफुल्लरावांनी आजवर नऊ वेळा शिकवला होता. मालक म्हणजे देव, त्याची कृपा सगळ्यांवर सारखी, आणि कुरकुर करणारे हेवेखोर. मूळ ग्रीकमध्ये तिथे हेव्यासाठी ‘वाईट डोळा’ असे शब्द आहेत, हे सांगताना त्यांना दर वेळी आनंद व्हायचा.

स्नेहाने नेहमीचा प्रश्न विचारला. दाराजवळ बसलेल्या भागुबाईंनी हात वर केला. मखमलाबादला राहणाऱ्या, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत घड विरळायला जाणाऱ्या. द्राक्षांचे घड औषधात बुडवून बुडवून त्यांची नखं काळपट पडलेली.

“मी रांगेत,” त्या म्हणाल्या. “पन मला येक सांगा, शेवटी आलेल्यांना मालकानं आधी पैसे का दिले?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“सकाळच्यांना आधी देऊन घरी लावलं असतं, तर त्यांना कळलंबी नसतं. भांडनच नाय. त्यानं त्यांना उभं ठेवलं, बघायला लावलं. आमच्या मुकादमानं येकदा आसंच केलं. तवापासून मी आन् माझी जाऊ येकमेकींशी बोलत नाय. मुकादमाशी मातर दोघी बोलतो.”

लोक हसले. भागुबाई हसल्या नाहीत.

“दिवसभर उन्हात राबलेल्या बाईला म्हनायचं, तुझाच डोळा वाईट. तो वाईट कुनी केला, ते बी इचारा की कुनीतरी.”

प्रफुल्लरावांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. होतं तसंच होतं. शेवटच्यांपासून सुरुवात कर, असं मालक कारभाऱ्याला स्पष्ट सांगतो. ते वाक्य त्यांनी मूळ भाषेत शंभर वेळा वाचलं असेल, आणि एकदाही तिथे थांबले नव्हते. आतून काहीतरी पेटत गेलं. स्नेहाबद्दलची जळजळ त्यापुढे किरकोळ वाटली. ती निदान शिकलेली होती. या बाईला तर सही करताना हात थरथरतो! आणि तरीही, पहाटेपासून राबलेल्यांची बाजू कोणीतरी घेतली, याने त्यांना रडू येईल की काय असं झालं.

दोन आठवड्यांनी चर्चच्या ईमेलवर एक पत्र आलं. चर्चचे सचिव तेच, त्यामुळे पत्र त्यांनीच उघडलं. वेगवेगळ्या भागांतले लोक एकच दाखला कसा वाचतात, यावर काही अभ्यासक पुस्तक करत होते. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात बैठक होती. सामान्य लोकांबरोबर बसून अभ्यास घेणारी एक व्यक्ती पाठवा, अशी विनंती होती. ते कोणाला शोधत होते हे उघड होतं. प्रफुल्लरावांनी अर्धा तास विचार केला आणि स्वतःचं नाव पाठवलं. अनुभव कोणाचा जास्त, असं स्वतःला समजावलं.

बैठकीत त्यांच्या आधी कोकणातल्या कोळ्यांवर एक निबंध झाला, लोकांनी तो मन लावून ऐकला. मग प्रफुल्लराव उठले. ‘वाईट डोळ्या’ची चार पानं वाचेपर्यंत समोरचे दोघे मोबाईल बघू लागले. त्यांनी कागद खाली ठेवले.

“मला सांगा,” ते म्हणाले, “शेवटी आलेल्यांना मालकाने आधी पैसे का दिले?”

माना वर झाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. मुकादम सांगितला, दोन जावा सांगितल्या. भागुबाई तेवढ्या सांगितल्या नाहीत. बोलणं संपल्यावर संपादक डॉ. शेखर उजागरे स्वतः जवळ आले, हात हातात घेऊन म्हणाले, “हे सुचलं कुठे तुम्हाला?”

“नाशिकला बागा आहेतच की सगळीकडे. पाहता पाहता सुचलं.”

आठ दिवस ते तरंगत होते. शेवटच्यांना आधी पैसे का, यावरचा प्रफुल्लरावांचा लेख पुस्तकात येणार, अशी रविवारी पाळकसाहेबांनी घोषणा केली, टाळ्या झाल्या. स्नेहानेही वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी ती जवळ आली.

“काका, छापताना भागुबाईंचं नाव येईल ना? घाईत राहिलं असेल.”

तिच्या आवाजात टोमणा शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. सापडला नाही. “येईल की,” ते म्हणाले.

लेखाची मुद्रितं तपासायला आली तेव्हा वर त्यांचं एकट्याचंच नाव होतं. एस्तेरबाईंनी ते वाचलं. “मी होते हो त्या रविवारी गोलात,” त्या म्हणाल्या.

“सव्वीस वर्षं मी घासली. आणि भागुबाई दोन मिनिटांत...” त्यांनी मुद्रितं उलटी करून ठेवली.

“मग राग आहे का तिचा?”

“हेवा वाटतो,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी कितीदा शिकवला होता, स्वतःसाठी कधी वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मखमलाबादला गेले. भागुबाई अंगणात भांडी घासत होत्या. प्रफुल्लरावांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. राख लागलेले हात तसेच धरून त्या ऐकत राहिल्या.

“छापा की तुमच्या नावानं. मला कुठं वाचता येतंय.” मग त्यांनी हातांची राख झटकली. “नाय, नको. घाला माझं नाव. जावंला दाखवीन.”

प्रफुल्लरावांनी उजागरे सरांना फोन करून हा अर्थ कोणाचा ते सांगितलं. “वेळेत सांगितलंत,” एवढंच ते कोरडेपणाने म्हणाले, आणि हा तास घेतं कोण, ते विचारून घेतलं. पुढच्या बैठकीचं बोलावणं स्नेहाला आलं. पुस्तकात त्या प्रकरणावर पहिलं नाव भागुबाईंचं छापलं, दुसरं स्नेहाचं. मूळ शब्दांबद्दल प्रफुल्ल त्रिभुवन यांचे आभार, असं तळाशी बारीक टाइपात होतं. भागुबाईंनी ते पान जावेच्या दारात नेऊन दाखवलं म्हणतात. जाऊ काय म्हणाली ते कळलं नाही.

गुरुवारचा वर्ग बंद झाला. प्रफुल्लराव आता रविवारी गोलात बसतात. एखाद्या शब्दावर अडलं की स्नेहा त्यांच्याकडे बघते, आणि ते दोन वाक्यांत उत्तर देतात. भागुबाई बोलायला लागल्या की मात्र अजूनही त्यांच्या छातीत कळ उठते. गेल्या महिन्यात भागुबाईंनी एका उताऱ्याचा साफ चुकीचा अर्थ लावला. घरी पोहोचेपर्यंत प्रफुल्लरावांना फार बरं वाटत होतं. एस्तेरबाईंच्या ते लक्षात आलं.