नकारघंटेचं निळं पेन

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला कोपऱ्यात धरायला नको. या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही दुकानाने पाळलेली आहे. दारात बांधायला जागा नाही म्हणून आत खुर्चीवर बसवली असेल. आणि हे मी मनात नाही ठेवलं हं. जावेला सांगितलं, भाच्याला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं. दोन वर्षं सांगत होते. आता आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता जीभही चावली जाते.

दुकान तीन मजली. खाली फोन आणि टीव्ही, मधे फ्रिज, वर कपडे धुवायची मशीनं. शिरल्याबरोबर गारेगार वारा, तोंड दिसेल अशी फरशी, आणि "या मॅडम, बसा मॅडम" करणारे विक्रेते. घेताना पायघड्या! तक्रारीचं टेबल मात्र तिसऱ्या मजल्यावर पार मागे, रिकाम्या खोक्यांचा ढीग आणि संडासाचं दार यांच्या मधे. तिथे ही बसायची. चाळिशीची, काटकुळी, चेहऱ्याला इस्त्री केलेली. समोर एक स्टेपलर, तोसुद्धा दोरीने टेबलाला बांधलेला.

आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसाला चार चादरी निघायच्या, म्हणून मशीन घेतलं. विक्रेत्याने वर पाच वर्षांची दुकानाची हमीयोजना गळ्यात मारली. म्हणाला, "काकू, पाच वर्षं तुम्ही नुसत्या पाय पसरून बसा." अकराव्या महिन्यात मशीन गळायला लागलं आणि पाय पसरायची सोय राहिली नाही, कारण घरभर पाणी. गेले तिसऱ्या मजल्यावर.

"मशीन गळतंय."

"आज माणूस मिळणार नाही."

"मग उद्या पाठवा."

"उद्याही नाही. गुरुवारी."

"गुरुवारी सकाळी तरी?"

"वेळ सांगता येणार नाही."

मी "बरं आहात ना?" विचारलं असतं तरी नाहीच म्हणाली असती. त्याच दिवशी मी तिचं नाव नकारघंटा ठेवलं. पण खरा राग पुढचा. तिने माझं बिल मागितलं, पालथं घातलं, निळं बॉलपेन काढलं आणि मागे गिचमिड लिहून टाकलं. खाली कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आणि एक टिंब. मी वर बघते तर तिच्याच डोक्यावर पाटी: 'खाडाखोड केलेलं किंवा हाताने लिहिलेलं बिल चालणार नाही.'

"अहो बाई, माझं बिल बाद केलंत की!"

"पुढे नाही लिहिलं. मागे लिहिलंय."

"पण लिहिलंत कशाला?"

"असू दे."

असू दे! आता सांगा, मी काय समजायचं? मी समजले की ही दुकानाची युक्ती. बिलावर रेघोट्या मारून ठेवायच्या, म्हणजे पुढच्या खेपेला काखा वर करायला मोकळे. गुरुवारी माणूस आला, गळती थांबली. पण त्याचं श्रेय मी तिला देते होय? मी ते माणसाला दिलं.

पुढच्या दोन वर्षांत त्या दुकानाची रया गेली. त्यात माझाही हात आहे, खोटं कशाला बोलू. टीव्ही घ्यायचा होता तेव्हा मी आणि भाचा अर्धा तास तिथे उभे राहिलो. विक्रेत्याने बिचाऱ्याने घसा कोरडा करून सगळं समजावलं. आणि खाली गाडीपाशी येऊन भाच्याने तोच टीव्ही फोनवरून मागवला, स्वस्तात. सगळं गावच तसं करत होतं. आधी विक्रेते कमी झाले, मग तिसऱ्या मजल्यावरचे निम्मे दिवे गेले, मग सरकता जिना बंद पडला तो पडलाच. शेवटी बाहेर कापडी फलक लागला: 'दुकान बंद होत आहे. सर्व काही विक्रीला.'

आणि नेमकं तेव्हाच आमच्या मशीनचं फिरणं थांबलं. तिसरं वर्ष चालू, हमी शिल्लक. फोन केला तर नुसती घंटी. आठ दिवस चादरी हाताने पिळल्या, मनगटं अशी सुजली की चमचा धरवेना. योजनेचा कागद वाचला तर त्यात लिहिलेलं, मशीन जिथून घेतलं त्याच दुकानात तक्रार लेखी द्यायची. आणि दुकान त्या दिवशी संध्याकाळी सहाला कायमचं बंद होणार! कपाटातून बिल काढलं आणि उलटसुलट करून बघितलं. बिल कोरं. पांढरंशुभ्र. मशीनचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही. फक्त मागे ती निळी गिचमिड जशीच्या तशी. म्हटलं, वा! जे हवं ते उडालं आणि भवानीचं गिरगटणं तेवढं राहिलं.

तरी गेले. वारा बंद, फरशीवर पुठ्ठे, टीव्हीच्या भिंतीवर नुसते खिळे. लोक मांडण्यासुद्धा सोडवून नेत होते. तिसऱ्या मजल्यावर ती होती आणि तिच्यासमोर माझ्यासारखीच दहा-बारा कावलेली तोंडं. तिच्या खुर्चीच्या पाठीला किमतीची चिठ्ठी चिकटवलेली, आणि शेजारी एक केशकर्तनवाला हाताची घडी घालून उभा. त्याने ती खुर्ची विकत घेतली होती आणि तो तिच्या उठण्याची वाट बघत होता.

"ताई, उभं राहून केलं तर नाही का चालणार?"

"सहापर्यंत खुर्ची माझी आहे."

"पण मी पैसे भरलेत!"

"मग सहानंतर बसा. आत्ता काय, माझ्या मांडीवर बसता?"

माझा नंबर आला. मी बिल टेबलावर आपटलं. "घ्या! तुमच्या चित्रकलेशिवाय यावर काही उरलेलं नाही."

तिने बिल पालथं केलं, निळं अक्षर वाचलं आणि तक्रार मिळाल्याच्या शिक्क्याकडे हात नेला. तेवढ्यात व्यवस्थापक धावत आला. त्याला सगळे टायवाला म्हणायचे. वारा बंद झाल्यापासून त्याचा टाय पार छातीवर लोंबत होता.

"थांब. हे बिल नाही. हा कोरा कागद आहे."

"मागे लिहिलंय," ती म्हणाली. "बिलाचा नंबर, मशीनचा नंबर, खरेदीची तारीख, तक्रारीची तारीख."

"कुणीही गिरगटेल. हे कुणी लिहिलं, मला माहीत नाही. आणि तुलाही माहीत नाही. कळलं?"

तिचा हात शिक्क्यावरच. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग तो जरा खालच्या आवाजात बोलला, पण मोकळ्या दुकानात आवाज लपतो कुठे! "दवाखान्यातली नोकरी हवीय ना? त्यांना अनुभवाचं पत्र हवंय ना? ते माझ्या टेबलावर सही व्हायचं पडलंय. बघ बाई."

माझ्या मनात आलं, झालं, आता आपल्या तोंडाला पानं पुसणार. मी असते तर पुसली असती, खरं सांगते. चौदा वर्षांची नोकरी संपते आहे, पुढची त्या एका कागदावर अडली आहे, आणि समोर मी. दोन वर्षं जिन्यात तिची निंदा करणारी.

ती म्हणाली, "अक्षर माझं आहे." आणि धाडकन शिक्का मारला.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" टायवाला ओरडला.

"मोजत नाही. त्यांच्यावर तारीख घालते फक्त."

"तक्रारींच्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्यात. पुरावा कुठून आणशील?"

"रद्दीवाला आला होता," ती म्हणाली. "मी त्याला नाही म्हटलं."

अहो, तिचा तो 'नाही' मला इतका गोड लागला म्हणून सांगू! मागच्या रांगेत सगळ्यांनी आपापली बिलं उलटी केली. सगळ्यांच्या पाठीवर निळी गिचमिड, तीन रेघा आणि टिंब. सहा वाजेपर्यंत ती शिक्के मारत होती. सहाला उठली, वह्या पिशवीत घातल्या, शिक्का टेबलावर ठेवला आणि केशकर्तनवाल्याला म्हणाली, "न्या. डावा पाय हलतो, खाली पुठ्ठा लावा." पत्र अर्थातच मिळालं नाही.

दुकानाची मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात होती, त्या कचेरीने हात झटकले. मग ग्राहक न्यायालय. सात महिने आम्ही दोघी तिथल्या बाकावर बसलो, मी तक्रारदार, ती साक्षीदार. दवाखान्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली. ती एका शिवणवर्गात बटणं लावायला जायची आणि तारखेला सुट्टी घेऊन यायची. मला लाज वाटायची, म्हणून मी जास्तच बडबडायची.

"अगं, तेव्हाच सांगायचंस ना, की अक्षर उडतं म्हणून मागे लिहिते!"

"दुकानात बसून? तुम्ही लगेच खाली जाऊन माझं नाव घेऊन भांडला असता."

"मी? मी कशाला भांडेन?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. विषय संपला.

त्या बाकावरच मला तिचं खरं कळलं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख खरवडायचे आणि आपली खूण काढायचे, तीन रेघा आणि टिंब. गिऱ्हाइकाला दिसायचंच नाही. पण पुढे कधी बिघडलं तर कुणी उघडलं होतं, ते झाकणात लिहिलेलं असायचं. आता त्यांचे हात थरथरतात. ही दुकानात लागली ती गोदामात खोकी बांधायला. मग मिक्सर चालवून दाखवायला उभी केली, पण गिऱ्हाइकाने विचारल्यावर "आवाज फार करतं" हेही सांगून टाकायची. म्हणून उचलून तिसऱ्या मजल्यावर. तिथे बिलं कोरी होताना पाहिली. वर तीनदा लिहून पाठवलं की कागद बदला. उत्तर म्हणून ती पाटी आली, हाताने लिहिलेलं चालणार नाही. तेव्हापासून ती पाठीवर लिहायला लागली.

"आणि ते नाही, नाही, नाही काय होतं गं?"

"माणूस गुरुवारीच मिळणार होता, मावशी. खाली सगळे उद्या सांगायचे. उद्या कुणी जायचं नाही."

साक्षीच्या दिवशी दुकानाचा वकील म्हणाला, बिल जपून ठेवणं हे गिऱ्हाइकाचं काम. मॅडमनी निष्काळजीपणा केला. मी उठायला लागले तर हिने माझा पदर धरून खाली बसवलं.

"या कागदात शाईच नसते साहेब," ती म्हणाली. "उष्णतेने उमटतं आणि दिवस गेले की आपसूक उडतं. यांनी बिल कपाटात ठेवलं होतं. चुलीवर नाही. हमी पाच वर्षांची विकली, कागद वर्षभराचा दिला. निष्काळजी कोण?"

अध्यक्षबाईंनी वही मागवली, माझ्या बिलाची पाठ आणि वहीतली ओळ शेजारी शेजारी ठेवून बघितली. निकाल आमच्या बाजूने. जुन्या मशीनचे भाग मिळत नाहीत म्हणून नवं मशीन द्यायचं. निकालाच्या कागदात एक ओळ होती, ती मी दहादा वाचली: साक्षीदार चौदा वर्षं सदर दुकानात कामाला होती, तक्रार विभागातली प्रत्येक नोंद तिने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने केली आहे, आणि तिच्या नोंदी विश्वासार्ह आहेत.

"अगं, हे घेऊन जा दवाखान्यात!" मी म्हटलं. "टायवाल्याच्या सहीपेक्षा जड आहे."

"निकाल तुमच्या नावाचा आहे. असं चालत नाही."

"आता मला नाही म्हणू नकोस, नाहीतर बघ!"

नाहीच म्हणाली. पण प्रत घेऊन गेली. नोंदणीच्या खिडकीवरची दुसरी एक बाई निवृत्त होत होती. आता त्या खिडकीवर ही बसते. परवा जावेला घेऊन गेले होते, तर हिने ओळखसुद्धा दाखवली नाही. म्हणाली, "डॉक्टर आज नाहीत. गुरुवारी." जाऊ म्हणते, केवढी खडूस बाई! मी म्हटलं, जपून बोल, गुरुवारी डॉक्टर असतील.

नवं मशीन आलं त्या दिवशी तिला चहाला बोलावलं होतं. नवं बिल बघायला मागितलं आणि मी आधण ठेवायला वळते तोवर पाठीवर निळं लिहून मोकळी!

"परत माझ्या बिलावर गिरगटलंस?"

"असू दे."

"काही असू दे नाही. या खेपेला मी उद्याच प्लास्टिक चढवून आणते. कडक. वीस वर्षं काही होणार नाही."

"नका करू. गरम यंत्रातून काढतात ते."

"मग? सगळं जग करतं!"

"मावशी, नका करू."

"तू प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणणार. जन्मजात खोड आहे तुझी."

दुसऱ्या दिवशी गेले कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्याने बिल यंत्रात घातलं, पलीकडून बाहेर काढलं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. काळं कुळकुळीत, तव्यासारखं. एक अक्षर दिसेल तर शपथ.

आठवडाभर लपवलं. मग रविवारी तीच आली, चपला काढायच्या आधी हात पुढे केला. "बघू."

"काय बघू?"

"बिल."

दिलं. तिने काळी बाजू पाहिली, हसली नाही. पालथं केलं. करपल्यासारख्या कागदावर, प्लास्टिकच्या आत, निळं अक्षर, तीन रेघा आणि टिंब, स्वच्छ.

"आता यावर वीस वर्षं काही होणार नाही," ती म्हणाली. "चहा ठेवा."