जुन्या कॉम्प्युटरचा राऊटर

आमच्या घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली की वस्तू यायच्या आधी तिचे किस्से येतात. फ्रिजच्या वेळी आले, शिलाई मशीनच्या वेळी आले. राऊटरच्या वेळी तर इतके आले की माझ्या वहीची मागची पानं भरली. मी कोपऱ्यात बसून सगळं ऐकलं. राऊटर म्हणजे नेमकं काय, हे मात्र मला अजूनही नीट कळलेलं नाही!

सुरुवात ताईच्या नोकरीपासून झाली. ताईला पुण्याच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "महिनाभर लातूरहून, घरून करून बघा. पण मीटिंगमध्ये तीनदा नेट गेलं, तर पुण्याला येऊन राहावं लागेल."

पहिल्याच आठवड्यात दोनदा गेलं.

ताईला पुण्याला पाठवायची पप्पांची मुळीच तयारी नव्हती. त्यांनी नेटवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "सर, नेट चांगलं हाय. तुमचा हा राऊटरचा डबा थकलाय."

पप्पा शाळेत शिक्षक आहेत. ते दिवसभर कोड्यात पडल्यासारखे फिरत होते. शेवटी जेवताना म्हणाले, "माणूस थकतो. एका जागी बसलेला डबा कसा काय थकतो?"

* * *

बाजारातले वेगवान राऊटर महाग होते. ताईने कुठेतरी वाचलं, की ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यात वायरीच्या दोन जागा असलेलं नेटवर्क कार्ड बसवायचं आणि फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं. झाला राऊटर! एका वायरीने नेट आत येणार, दुसरीने घरात वाटलं जाणार.

नांदेडला बालाजीमामांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ताईने फोन स्पीकरवर लावला.

"दाजी, स्क्रीन घेऊ नका, कीबोर्ड घेऊ नका. नुसता डबा घ्या."

"स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, मग तो कॉम्प्युटर कसला?"

"दाजी, तो आता कॉम्प्युटर न्हाई. राऊटर हाय."

"मग सरळ राऊटरच घेऊ की!"

"राऊटर लई महाग हाय ना. म्हणून कॉम्प्युटर घ्यायचा."

हे बोलणं दोन दिवस चाललं. दोघंही बरोबर बोलत आहेत असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

* * *

रविवारी आम्ही नांदेडला गेलो. मामांनी जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात नेलं. दुकानदार करीमभाई. भिंतीला लागून काळ्या डब्यांच्या थप्प्या होत्या. ताई प्रत्येकाचा प्रोसेसर किती जुना, वीज किती खातो, कार्डाला जागा आहे का, ते विचारत होती.

पप्पा एकेक डबा उचलून बघत होते. चौथा उचलल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"हा घ्या. चांगला भरीव आहे."

करीमभाईंनी डबा उघडला. "सरजी, पुरानी हार्ड डिस्क है, इसलिए भारी है. इसकी जरूरतच नै तुमकू."

त्यांनी ती काढून बाजूला ठेवली आणि छोटीशी पातळ डिस्क बसवली. पप्पांनी डबा पुन्हा उचलला. मग माझ्या कानात म्हणाले, "आता ह्यात राहिलं काय?"

* * *

नेटवर्क कार्ड मामांनी जुन्या सर्व्हरमधून काढलेलं, स्वस्तातलं मिळवलं. मामांसकट सगळं लातूरला घरी आणलं, तर कार्डाची लोखंडी पट्टी डब्यापेक्षा उंच! झाकण लागेना.

मामा म्हणाले, छोटी पट्टी नांदेडला मिळंल, उद्या जाऊन आणतो. पप्पा म्हणाले, झाकणालाच खाच पाडू. ताई म्हणाली, डबाच चुकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढच्या मीटिंगला चारच दिवस उरले होते.

मम्मी भाजी चिरता चिरता उठली. शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर आणला, दोन स्क्रू काढले आणि पट्टी वेगळी करून टेबलावर ठेवली.

"बाही लांब झाली म्हणून कुणी ब्लाउज टाकून देतं का?"

मामांनी झाकण लावून बघितलं. बसलं!

* * *

मग वायरींचा घोळ. कार्डावरच्या दोन्ही जागा अगदी सारख्या. नेट आत येणारी वायर कोणती, घरात जाणारी कोणती, दर वेळी उलटसुलट व्हायची. मामांनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं सांगितलं!

मम्मीने देवघरातून पंचपाळं आणलं. आत येणाऱ्या वायरीला आणि तिच्या जागेला हळद लावली, दुसरीला कुंकू. पुन्हा कधी चुकलं नाही.

मामा आता दुकानातही तसंच करतात. गिऱ्हाइकं म्हणतात, "लई श्रद्धाळू माणूस हाय!"

* * *

दोन दिवस नेट पळत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गोगलगाय झालं. मामा फोनवर म्हणाले, "पंखा बघ. न्हाईतर प्रोसेसर गेला असंल." ताई रडकुंडीला आली. पप्पा नेटवाल्याला फोन लावत होते.

मी हॉलमध्ये गेले. राऊटरवर मम्मीने विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं, आणि त्यावर घडी घातलेला टॉवेल. मी दोन्ही उचललं. डबा तव्यासारखा तापला होता.

मम्मी म्हणाली, "धूळ बसू नये म्हणून घातलं. एवढ्या कष्टाची वस्तू, तशीच उघडी ठेवायची?"

ते कव्हर आता थकलेल्या जुन्या डब्यावर आहे. तो बंद आहे, पण धूळ अजिबात नाही.

* * *

मीटिंगचा दिवस आला. मामा नांदेडहून सकाळच्या एसटीने आले. ताई वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि आम्ही चौघं दाराबाहेर श्वास रोखून.

दहा मिनिटांनी ताई म्हणाली, "मॅडम? मॅडम, आवाज येत नाही."

मम्मीने माझा हात घट्ट धरला. पप्पांनी डोळे मिटले.

ताईने मागे वळून हळूच सांगितलं, "आपलं नाही. त्यांचं गेलंय."

थोड्या वेळाने मॅडम मोबाईलवरून परत आल्या. "अश्विनी, आमचं ऑफिसचं नेट रोजच जातं. तुमचं कसं काय टिकलं? कुठला राऊटर आहे?"

"घरीच बनवलाय, मॅडम. जुन्या कॉम्प्युटरचा."

"कोणी?"

"मी आणि मामांनी. आणि मम्मीनं."

मग मॅडम म्हणाल्या, "घरून काम करायला आमची काहीच हरकत नाही. पण आधी दोन-तीन महिने पुण्याला या. ऑफिसला असाच एक बनवून द्या. राहायची सोय आम्ही करतो."

"हो मॅडम!" ताई म्हणाली. इतक्या पटकन ती कधीच बोलत नाही.

मामांनी टाळी वाजवली आणि पप्पांकडे बघून हात खाली घेतले.

पप्पा जिना उतरून हॉलमध्ये गेले. राऊटर हातात घेऊन त्यांनी पुढून बघितला, मागून बघितला, बाजूने बघितला.

मग हळू आवाजात विचारलं, "बालाजीराव, हे बंद करायचं बटन कुठं असतं हो?"