सासऱ्यांनी थांबवलेला नाच

भामरागडच्या अलीकडच्या एका गावात चाललेला नाच माझ्या सासऱ्यांनी चार वेळा थांबवला. पाचव्या वेळी तो मी थांबवला. जबाबदारी ठरवताना एवढं लक्षात ठेवावं. बाकीचा तपशील खाली देत आहे.

गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती आणि मी नागपूरच्या एका दैनिकात बाजारभाव लिहीत होतो. कापूस, जवस, तूर, सरकी. सरकीवर जेवढं लिहिता येतं तेवढं लिहून झालं होतं. त्यामुळे मी बातमीदार करा म्हणून संपादकांच्या मागे लागलो. माझी सासुरवाडी आलापल्लीची आहे हे कळताच ते म्हणाले, "तिकडच्या माडिया लोकांचा नाचाचा फोटो आणा. रविवारच्या पुरवणीचं पहिलं पान देतो आणि तुम्हाला बाजारभावातून काढतो. पण फोटो हलता पाहिजे! उभ्या माणसांचे फोटो माझ्याकडे पोत्यानं पडले आहेत."

एका मित्राकडून पेटी कॅमेरा आणि आठ फोटोंचा एक रोल मिळवला, बायकोला (कुसुमला) घेतलं आणि आलापल्ली गाठली.

माझे सासरे जंगल खात्यात नाकेदार होते. नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणजे पगार थांबला होता, हुकूम चालू होते. माडिया भाषा त्यांना उत्तम येई आणि त्या गावाचा प्रमुख दसरू गायता त्यांचा जुना दोस्त होता. नव्या पिकाच्या सणाला गावात नाच होता. जावयासाठी तो दिवसाउजेडी ठरवून घेण्याचं काम सासऱ्यांनी चुटकीसरशी केलं. लाकडाच्या ट्रकमधून आणि पुढे बैलगाडीतून आम्हाला तिथे नेण्याचंही. त्यांच्यात दोष म्हणून एकच होता. त्यांना फोटोतलं कळत होतं.

त्याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका साहेबानं तीन पायांच्या कॅमेऱ्यानं सगळ्या नाकेदारांचा फोटो काढला होता. नेमकी त्याच क्षणी सासऱ्यांच्या पॅन्टमध्ये लाल मुंगी शिरली आणि त्यांनी मान झटकली. फोटोत सगळे आले. सासरे मानेपर्यंतच आले. वर नुसता धूर! पुढं अख्ख्या खात्यानं त्यांना 'बिनमुंडक्याचे नाकेदार' म्हटलं. आपल्यादेखत कॅमेऱ्यापुढं पुन्हा कोणाला हलू द्यायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

गावात पोचलो तेव्हा ढोल सुरू झाले होते. बायका आणि पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल धरत होते. गाणं सुरू झालं, पावलं पडू लागली. मी कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत पाहिलं. सगळं गाव त्या इवल्याशा काचेत डोलत होतं. बोट कळीवर नेलं.

"हालू नोका!"

सासऱ्यांनी तर्जनी वर केली होती. पुढं त्यांनी माडियातही तेच सांगितलं असावं, कारण ढोल थांबले, गाणं थांबलं आणि गाव ताठ उभं राहिलं. दचकून माझं बोट दाबलं गेलं. पहिला फोटो!

"बाबा, त्यांना हलू द्या."

"काऊन?"

"नाच आहे ना."

"नाच हाये म्हनूनच सांगून राह्यलो, जवाईबापू. उभा मानूस काय हालते? नाचनाराच हालते. त्यालेच धरून ठेवा लागते."

"मला हलतानाच फोटो पाहिजे."

"मंग मुंडके जातीन लोकायचे!" सासरे कळवळून म्हणाले. "मायं गेलं ना! तुमी नवीन हाय, तुमाले मालूम नाई."

जावयानं सासऱ्यांशी किती वाद घालावा याला आमच्याकडे मर्यादा आहे, आणि ती 'बाबा' या शब्दानंतर लगेच सुरू होते. नाच पुन्हा सुरू झाला. मी कॅमेरा उचलला. तर्जनी वर! "हालू नोका!" दुसरा फोटो!

मी कुसुमला बाजूला घेतलं. "तुझ्या वडिलांना चहा पाजून आण." ती त्यांना घेऊन गेली. मी कपाळ पुसलं, काचेत पाहिलं, आणि काचेत एक खाट येताना दिसली. खाटेची पुढची बाजू सासऱ्यांनी धरली होती. ती त्यांनी नाचाच्या मधोमध ठेवली, गायत्याला तिच्यावर बसवलं आणि त्याच्या हातात काठी दिली.

"आंधी मोठ्या मानसाचा फोटो घ्या लागते. रीत हाये."

गायता चांगला माणूस होता. तो हळूच मला म्हणाला, "घ्या भाऊ लवकर. नाई तं हा नाकेदार आमाले नाचू देत नाई." घेतला. मग गायता आणि सासरे असा एक झाला. मग बायकांचा वेगळा. मग ढोलवाले रुसले म्हणून ढोलवाल्यांचा. मग ढोलांचा! रोलमध्ये आता एकच फोटो उरला होता, आणि डोळ्यांपुढं जन्मभराची सरकी.

मी मोहाच्या एका जाड झाडामागं लपलो. कॅमेरा दिसला नाही तर बोट वर होणार नाही, असा हिशेब. नाच खरंच रंगात आला. मी गुडघे टेकून कॅमेरा बुंध्याबाहेर काढतो तोच सासऱ्यांची हाक आली, "जवाईबापू कुठी गेले? अवं कुसुम, तुयं मानूस कुठी गेलं? वाघाचा इलाका हाये हा!" ढोल थांबले. ढोलवाल्यांसकट गाव मला शोधायला निघालं. झाडामागं गुडघ्यावर बसलेला शहरी माणूस पाहून एक म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळे पोट धरून हसले.

"काय म्हणाल्या त्या?"

"कायी नाई, जवाईबापू," सासरे म्हणाले. "तुमच्या पोटाचं इचारून राह्यली."

शेवटी कुसुमनंच डोकं चालवलं. "बाबाले नाचात घाला."

"ते नाचतील?"

"नाचतीन नाई तं काय! दोनी हात धरून ठेवले का बोट वर होत नाई. आन बोट वर केल्याबिगर त्यायले वरडताच येत नाई. मी ल्हानपनापासून पाहून राह्यली."

तिनं बायकांना खुणेनं काय सांगितलं कोण जाणे, पण दोघींनी दोन्हीकडून सासऱ्यांना उचललंच. कोट, काळी टोपी, वहाणा, सगळ्यासकट! "अवं सोडा! मी पेन्शनर मानूस हावो!" असं ते एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत, कारण तोवर ते गाऊ लागले होते. नोकरीची सगळी वर्षं या जंगलात काढलेल्या माणसाला ते गाणं तोंडपाठ होतं, आणि पावलंही! टोपी तिरकी झाली होती, डोळे मिटले होते, पायांखालची धूळ कलत्या उन्हात वर चढत होती. गोल एका दमात वाकत होता, एका दमात उठत होता. असं दृश्य मी पूर्वी पाहिलं नव्हतं. सगळं काचेत बसलं होतं. उजेड बरोबर, अंतर बरोबर. पुरवणीचं पहिलं पान माझ्या हातात होतं. मी श्वास रोखला, बोट कळीवर ठेवलं आणि घशातून आवाज निघाला.

"हालू नोका!"

माझ्याच घशातून! तोही शुद्ध आलापल्लीचा!

हुकूम तत्काळ पाळणारा सबंध गोलात एकच माणूस होता. सासरे जागच्या जागी खांबासारखे थांबले. बाकीच्यांना थांबायला वेळ लागला, आणि तो वेळ त्यांनी सासऱ्यांवर आदळण्यात घालवला. एकामागून एक सगळा गोल कोसळला. माझं बोटही त्याच वेळी दाबलं गेलं. आठवा फोटो! मग जमिनीवर बसलेलं सगळं गाव हसू लागलं. गायता तर खाटेवरून खाली उतरून हसत होता. ढिगाच्या तळातून सासऱ्यांचा अभिमानी आवाज आला, "आला का, जवाईबापू? मी हाललो नाई!"

नागपुरात संपादकांनी आठही फोटो टेबलावर मांडले. सात फोटोंत माणसं, खाट आणि ढोल सारख्याच शिस्तीत उभे होते. आठव्यात धूळ होती आणि धुळीवर एक काळी टोपी.

"यात नाच कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"टोपीच्या खाली," मी म्हणालो.

संपादक शब्दाचे पक्के होते. त्यांनी मला खरोखरच बाजारभावातून काढलं आणि निधनवार्तांच्या सदरावर बसवलं. "तुमच्या हाताला हीच माणसं सोयीची," ते म्हणाले. "एकही हलणार नाही!"

पहिल्याच आठवड्यात, ज्यांची निधनवार्ता मी सकाळी छापली होती ते गृहस्थ जिना चढून कार्यालयात आले. चांगले हलत होते!