मोडणारी खुंटी

सुकाणू बगायला आलाय न्हवं? मग आदी बसा, च्या घ्या. आन् फोटू काढू नका. गेल्या आठवड्यात एक जण फोटू काढून गेला आन् तसलंच सुकाणू करून बसला, खुंटी तेवढी लोखंडाची घातली. "बांबूची मोडती की हो," म्हणाला. आता काय सांगावं असल्या शहाण्याला? मोडायसाठीच हाय ती.

हे केलं माझ्या थोरल्या दिरांनी, कोंडीबा सुतारांनी. अठ्ठावन्न वय हाय त्यांचं. हितनं केम टेसणापर्यंत कुणाच्याबी घरात जा, चौकट, बाज, पाट, काय ना काय त्यांच्या हातचं सापडंल. आमच्या सुतारांत एक रीत हाय. नवी बैलगाडी झाली की पयल्यांदा सुतारानं बसायचं, मालकानं मागनं चालायचं. मारुतीला फेरी मारून आली की मग गाडी मालकाची. मोडलीच तर करणाऱ्याचं कंबरडं आदी मोडावं, म्हणून. आता बैलगाड्या राहिल्या न्हाईत, पर दिरांनी रीत सोडली न्हाय. बाज केली की आदी स्वतः लोळणार. एकदा पाळणा केला, त्यात बसता येईना, तर शेळीचं करडू घालून झोके दिले. करडू भिऊन पाळण्यात मुतलं, आन् त्या बाळाच्या आजीनं सगळी आळी डोक्यावर घेतली.

दुसरी रीत आमच्या घरातली. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराफुडं उभं राहायचं न्हाय, बोलायचं न्हाय. काय सांगायचं ते माझी जाऊ राजाबाई हाय, तिच्याकरवी. एका अंगणात पंचवीस वर्सं काढली, मला त्यांच्या चपलांचा आवाज ठाऊक, पर तोंड कदी पुरतं बगितलं नव्हतं. मान म्हणायचा त्याला. त्या मानानंच आमचा घात केला, पर ते मागनं कळलं.

हे समोर उजनीचं पाणी दिसतंय, त्याच्या तळाला आमचं जुनं गाव हाय. पाणी चढलं तवा दीर अकरा वर्साचे, आन् आमचे मालक पाळण्यात. लोकांनी चौकटी काढल्या, तुळया काढल्या, गाड्या भरल्या. सासऱ्यांनी घराची दगडी भिंत तेवढी सोडली. चुन्यात बांधलेली, ती काय निघंना. दीर त्या भिंतीवर बसून पाणी अंगणात आलेलं बगत राहिले, उंबऱ्याला लागलेलं बगत राहिले. सासऱ्यांनी ओढून काढलं तवा उठले. त्या दिवसापास्नं त्यांनी ह्या पाण्यात पाय घातला न्हाय. "माझ्याच घरावरनं होडीत बसून जाऊ व्हय?" म्हणायचे. घरात पाण्याचा इषय काढला तरी जेवणावरनं उठायचे, म्हणून कुणी काढायचंच न्हाय.

आमच्या मालकांचं उलट. त्यास्नी पाण्यावाचून करमायचं न्हाय. भारत त्यांचं नाव. नवऱ्याचं नाव घिऊ नये म्हणत्यात, पर आता कोण हाय रागवायला? मासे धरायची लाकडी होडी, ताडपत्रीचं शीड, आन् मागं सुकाणू, दोन कड्यांत नुसतं अडकवलेलं. चालता चालता ते कड्यांतनं सुटायचं आन् दोरीला लोंबत पाण्यावर तरंगायचं. हे हसत परत अडकवायचे. घरी आले की मला सांगायचे, "मोबाईलचा टॉवर आन् वीटभट्टीचं धुराडं एका रेषेत आलं की निघतंय बग. भूत हाय तितं, सुकाणू धरतंय." मी भाकरी थापत म्हणायची, "भुताला म्हणावं, ये की घरी जेवायला."

एकदा मात्र वाऱ्यात सुकाणू सुटलं आन् होडी पार पल्याडच्या काठाला जाऊन लागली. हे दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. तवर माझ्या जिवाचं पाणी पाणी. मी राजाबाईला म्हटलं, "दादास्नी सांगा, कदीच निघणार न्हाय असं सुकाणू करून द्या." बास, एवढाच निरोप. कुटं निघतं ते मी सांगितलं न्हाय. त्यांनीबी इचारलं न्हाय. इचारणार कुणाला?

दिरांनी जुन्या गाडीची बाभळीची फळी घेतली, तिला लोखंडी पट्टी ठोकली, जाड दोन बोल्ट घालून होडीला आवळली. "हत्तीनं ओढलं तरी निघणार न्हाय," असा राजाबाईनं उलटा निरोप आणला. मी त्या दिवशी पुरणाची पोळी केली. दिरांनी काठावर नारळ फोडला आन् माघारी फिरले. होडीत बसले न्हाईत. जन्मात पयल्यांदा त्यांनी रीत मोडली, आन् आमच्या कुणाच्या ध्यानातबी आलं न्हाय.

तिसऱ्या महिन्यात, पाणी उतरणीला लागलं तवा, भर दुपारी वारं सुटलं. होडी उलटी होऊन काठाला लागली. हे जाळ्यात गुंतलेले. लोक म्हणाले, वाऱ्यानं उलटवली. मी भुईवर पडून रडत व्हते, आन् माझ्या डोळ्यांदेखत दिरांनी पाना आणला, होडीचं सुकाणू सोडवलं, खांद्यावर टाकलं आन् घरी घिऊन गेले. सख्खा भाऊ काठावर निजलेला, आन् हा माणूस बोल्ट सोडवतोय. मला त्यांचा तवा असा संताप आला की काय सांगू.

मग त्या माणसाला काय झालं कुणास ठाऊक. च्या दोन कप मागायचे. एक स्वतः प्यायचे, दुसरा समोर निवून जायचा. रंधा मारता मारता हात थांबायचा, आन् कान पाण्याकडं. "खालनं कुणीतरी भिंत ठोकतंय," म्हणायचे. राजाबाईनं अंगारे लावले, दृष्ट काढली. मी दुसऱ्या कुणाला हसले असते. पर मलाबी ऐकू यायचं. चार महिन्यांनी पोटापायी मी होडी काढली, नुसत्या वल्ह्यांवर. मधी गेले की फळ्यांखाली टक्. वल्हं उचलून धरलं तरी टक्. मागं सुकाणूपाशी कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मी मान वळवायची न्हाय. वळवली आन् तितं कुणीच नसलं तर काय करू, ह्याचीच जास्त भीती.

एक दिवस भुसा आणायला दिरांच्या छपरात गेले तर पोत्यांच्या मागं ते सुकाणू सापडलं. खालची कड चावल्यागत झालेली, आन् त्या खाचांत पांढरं. नखानं खरवडलं. चुना. पाण्यात चुना कुटनं येणार? बुडालेल्या भिंतीचाच. सुकाणूचं टोक भिंतीला अडकलं, शिडात वारं भरलेलं, होडी आडवी झाली आन् उलटली. पयलं असतं तर निघून पडलं असतं. हे निघणार नव्हतं. दिरांना ते पयल्या दिवशीच कळलेलं, आन् त्यांनी लपवून ठेवलेलं.

मी सुकाणू परत पोत्यांमागं ठेवलं. ठरवलं, दिरांनी हे आपल्या तोंडानं सांगितलं पायजे. सांगत न्हाईत तवर मी ह्यास्नी माफ करणार न्हाय. निघणार न्हाय असं सुकाणू मागितलं कुणी, तिकडं मी बगितलंच न्हाय. दुसऱ्याची चूक कशी लख्ख दिसती.

दोन वर्सं गेली. वल्ही मारून माझा खांदा गेला. डॉक्टर म्हणाला, आता बंद करा. होडी बंद म्हणजे बार्शीला लेकीकडं, अंकिताकडं, जाऊन जन्मभर पाव्हणी म्हणून राहायचं. मला ते करायचं नव्हतं. शीड लावलं तर खांदा वाचतो, पर शिडाला सुकाणू पायजे. आन् राजाबाई लेकीच्या बाळंतपणाला माढ्याला गेलेली. निरोप न्यायला कोण? मग मी अंगणातल्या शेळीला सांगितलं. "शेळे, होडीला सुकाणू पायजे म्हणावं. न्हाय केलं तर मी तशीच शीड लावून जाणार."

छपरातला रंधा थांबला. तिसऱ्या दिवशी आतनं आलं, "शेळे, माझ्या हातचं मागू नगं म्हणावं तिला."

"शेळे, दुसऱ्याच्या हातचं मी लावणार न्हाय म्हणावं."

शेळी बिचारी पाला खात दोघांकडं बगत व्हती.

त्याच आठवड्यात बांधापल्याड ट्रॅक्टरनं नांगरट चालली व्हती. नांगर दगडाला लागला, खाट्दिशी आवाज झाला. डायवर खाली उतरला, खिशातनं एक बारका बोल्ट काढला, मोडलेल्याच्या जागी घातला आन् निघाला. दिरांनी त्याला थांबवून इचारलं. तो म्हणाला, "हा मोडायसाठीच असतोय, काका. हा मोडला न्हाय तर नांगर मोडंल." दीर तासभर बांधावर बसून व्हते. मी लांबनं बगितलं. गडी हुंदके देऊन रडत व्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोत्यांमागचं ते सुकाणू काढलं आन् उघड्या अंगणात, माझ्या दारासमोर आणून ठेवलं. करवतीनं त्याचे दोन तुकडे केले. वरचा होडीला पक्का. खालचं पातं एका बोल्टवर फिरणारं, आन् ते खाली धरून ठेवायला बांबूची एक खुंटी. तळाला काय लागलं की खुंटी मोडायची, पातं मागं वर उचलायचं, होडी फुडं निघून जायची. चावलेली कड त्यांनी तासली न्हाय, तशीच ठेवली.

मग आठ दिवस खुंट्यांचा खेळ. जाड केली तर मोडंना, बारीक केली तर लाटंनंच मोडंल. वाळूचं पोतं टांगून पातं त्यावर आपटून बगायचे. उभा जन्म वस्तू मोडू नये म्हणून झिजलेला माणूस, आन् आता "मोडंना झालीय, मोडंना झालीय" म्हणून कपाळ धरून बसलेला. एक दिवस मोडली, मनासारखी. तसल्या वीस खुंट्या केल्या. मग म्हणाले, "शेळे, सांग तिला, पयल्यांदा मी बसणार."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडून उंबऱ्यात आले.

बारा फुटी होडी. मागं सुकाणूवर थोरले दीर, मधी शिडापाशी मी. पाय ठेवताना त्यांचे ओठ हलत व्हते, देवाचं नाव घेत असतील. मी पदर ओढून बसले, वाऱ्यानं पदर उडाला. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यानं पदर धरू का होडी? सोडून दिला पदर. बोलायचं असलं तरी शेळी काठावर राहिलेली.

होडी मधी आली. पाणी तसंच उतरलेलं, त्याच महिन्यासारखं. डावीकडं बगितलं तर टॉवर धुराड्याकडं सरकत चाललेला. ह्या वाटंनं मी दोन वर्सं आले नव्हते, लांबनं वळसा घालून जायची. पंचवीस वर्सांत पयल्यांदा माझ्या तोंडातनं त्यांच्यासाठी शब्द निघाला. "दादा, तिकडं नगं."

"तिकडंच जायचंय," ते म्हणाले.

टक् झालं. मग कट् आवाज आला, खुंटी मोडली, पातं मागं उचललं आन् होडी सरळ फुडं सरकली. खाली हिरव्या पाण्यात हातभर अंतरावर भिंतीची काळी रेघ दिसली. मी शीड सोडून दिलं. होडी थांबल्यागत झाली.

"ही आपल्या घराची भिंत," दीर म्हणाले. माझ्याकडं बगत न्हवते, पाण्याकडं बगत व्हते. "हितं पडवी. हितं भारतचा पाळणा टांगलेला असायचा. माझ्या सुकाणूनं मारला मी त्याला. कडंला चुना व्हता, त्या दिवशीच बगितला. तुझ्यापास्नं लपवलं. रीत पाळून एकदा होडीत बसलो असतो, तर त्याची वाट घरावरनं जाते हे मला पयल्या फेरीतच दिसलं असतं."

दोन वर्सं मी ह्याच शब्दांची वाट बगत व्हते. वाटलं व्हतं, ऐकल्यावर शिव्या घालीन, न्हाय तर मन मोकळं व्हईल. पर मी मान वर केली, आन् टॉवर आन् धुराडं एका रेषेत.

"हितंच निघायचं," मी म्हटलं.

"काय?"

"जुनं सुकाणू. दर बारीला हितंच सुटायचं. टॉवर आन् धुराडं एका रेषेत आलं की. भूत धरतंय म्हणायचे ते."

दिरांचं तोंड मी तवा पयल्यांदा नीट बगितलं. आमच्या मालकांसारखंच हाय, नाक तर तेच. ती भिंत दर बारीला सुकाणूला धक्का देऊन सोडवायची, होडी फुडं जाऊ द्यायची. त्यालाच मी खोट म्हटलं, आन् ती खोट त्यांनी बोल्ट घालून काढून टाकली.

"जागा ठाऊक व्हती तुला?" त्यांनी इचारलं.

"जागा ठाऊक व्हती. तितं भिंत हाय हे ठाऊक नव्हतं."

"मला भिंत ठाऊक व्हती." मग म्हणाले, "मग मला सांगितलं का न्हाईस गं?"

"तुमी बोलत व्हता का माझ्याशी?"

शीड फडफडत राहिलं. त्यांनी खिशातनं दुसरी खुंटी काढली. पातं वर उचललेलं, खुंटी भोकात बसंना. मी वाकून पातं खाली दाबून धरलं तवा बसली.

तर असं हाय ते सुकाणू. तुमच्या होडीचं माप घ्यायच्या आदी ते इचारतील, सुकाणू कुटं अडतं. आन् म्हणतील, बायकोला घिऊन या, तिला ठाऊक असतंय. हसू नका, घिऊन या.

टक् अजून वाजतंच. थांबलंय असं मी खोटं सांगणार न्हाय. रोज मी त्याच वाटंनं जाते. सांजच्याला होडी लावून अंगणात आले की दीर छपरातनं बाहेर येत्यात आन् मला, मलाच, इचारत्यात, "आज किती मोडल्या?"

"एक," मी म्हणते.

"कुटं?"

"घरावर."

मग ते एक नवी खुंटी काढून माझ्या हातात देत्यात.