म्हशीच्या जागेवरचा स्टिरिओ

माझ्या आत्याच्या यजमानांकडे, म्हणजे आमच्या आतोबांकडे होता तेवढा ताकदवान अँप्लिफायर साऱ्या सांगली जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतकी कमी गाणी ऐकलेला माणूसही जिल्ह्यात सापडला नसता. गाणी तुम्ही-आम्ही ऐकावीत. आतोबा यंत्र ऐकत. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास विट्याच्या त्यांच्या एका दोस्ताने, जो कोचीनला सोनं गाळायचं दुकान चालवी, बोटीवरच्या कुणा गोऱ्याकडून ते मिळवून दिलं होतं. सोबत रेकॉर्ड-प्लेअर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. आतोबा फौजेत सिग्नलला होते, त्यामुळे तारेला तार जोडता येणारा गावातला एकमेव इसम आपणच अशी त्यांची समजूत होती आणि दुर्दैवाने ती खरी होती. यंत्रासाठी त्यांनी आत्याची मुऱ्हा म्हैस विकली. आत्या तेव्हा एका लग्नासाठी आमच्याकडे साताऱ्याला आली होती. शत्रू गाफील असताना चाल करून जावं, एवढं शिक्षण फौजेने त्यांना नक्की दिलं होतं.

आत्या परतली तेव्हा गोठा चुना मारून पांढरा झालेला, भिंतींना पोती ठोकलेली आणि गव्हाणीवर तो अँप्लिफायर दिवे लावून बसलेला. "भिंती बघ कशा जाड हायत," आतोबा म्हणाले. "आवाजाला असली खोली ममईत मिळायची न्हाई." आत्याने भिंती बघितल्याच नाहीत. "हितं माझी म्हस हुती. म्हस येईस्तवर मी आत पाय ठेवायची न्हाई," एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवसापासून घरात कोरा चहा सुरू झाला. आतोबांना, पाहुण्यांना, साक्षात जावयालाही सवलत नाही. शेजारणीने तांब्याभर दूध आणून दिलंच तर ते मांजराला. आमच्या त्या नातेवाइकांत सगळ्यात धष्टपुष्ट ते मांजरच होतं.

खोलीत खुर्ची एकच. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध, पायांभोवती खुणा करून ठेवलेली. चपला बाहेर, हात गुडघ्यांवर, मान सरळ. खोकायचं असेल तर आधीच खोकून यायचं. गाणं जरा रंगात आलं की आतोबा सुई उचलत, डावा स्पीकर बोटभर सरकवत आणि पुन्हा पहिल्यापासून लावत. त्या खोलीत मी कुठल्याही गाण्याचं दुसरं कडवं ऐकल्याचं आठवत नाही. आवाजाच्या बटणावर आकडे दहापर्यंत होते, पण बटण एकाच्या पुढे जात नसे. एकदा सरपंच खुर्चीवर बसले होते. कान टवकारून टवकारून दमले आणि म्हणाले, "काय ऐकूच येईना. जरा मोठं करा की."

आतोबांनी सुई उचलली. "सरपंच, पैलवान काय रस्त्यानं शड्डू ठोकत जातोय व्हय? ताकद आत असती."

सरपंच रागावून चहा न घेताच गेले. तेवढा त्यांचा फायदा झाला. त्यात शिवारातल्या मोटारी उसाला पाणी देऊ लागल्या की व्होल्टेज पडे आणि गाणाऱ्या बाईचा बघता बघता पुरुष होई. मग आतोबा मोटारवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मळ्याकडे धावत. त्यातली एक मोटार आपलीच आहे हे त्यांना विहिरीवर पोचल्यावर आठवे.

पण या सगळ्या कवायतीमागे एकच इच्छा होती आणि ती गावात कुणापासून लपलेली नव्हती. नवी रेकॉर्ड आणली की ते खुर्ची पुसत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहत. "एक डाव ऐकून तर बघ." आत्या भाकरीवरची नजर न काढता म्हणे, "म्हस आणा." बोलणं संपलं. मग पोस्टमनला खुर्चीवर बसवलं जाई. तिने एकदा आत यावं, बसावं आणि 'चांगलं हाय' म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं कोरा चहा पीत होता.

एका संध्याकाळी शेजाऱ्याच्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी असलेली आत्या त्यांनी पाहिली. घरी येऊन त्यांनी यंत्र विकायचं म्हणून सांगलीला पत्र टाकलं. आठवड्याने सांगलीचे एक हळदीचे व्यापारी यंत्र न्यायला टेंपो घेऊन दारात हजर. मी नेमका तिथेच होतो. आतोबा तारा सोडवायला बसले, पण त्यांना पहिला स्क्रूच सुटेना. त्यांच्यावर काही खोचक बोलावंसं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.

एवढ्यात आत्या पदराला हात पुसत आली, तिने उंबरा ओलांडला आणि ती थेट खुर्चीवर जाऊन बसली.

"ह्यांनी मला अजून ऐकवलं न्हाई," ती व्यापाऱ्यांना म्हणाली. "तुमी वाईच थांबा."

आतोबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कंची लावू?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कंची बी लावा. पर मधनं उचलायची न्हाई."

एक रेकॉर्ड संपली. आत्या म्हणाली, "दुसरी." मग तिसरी. व्यापारी समजूतदार होते. ओसरीवर त्यांनी थोडी वाट पाहिली, एकदा आत डोकावून बघितलं आणि माझा निरोप घेऊन रिकाम्या टेंपोने परत गेले.

"चांगलं हाय?" आतोबांनी शेवटी विचारलं.

"चांगलं हाय," आत्या म्हणाली. "इकायचं न्हाई. आन् म्हस बी आणायची."

उसाच्या बिलावर उचल घेऊन म्हैस पुढच्या बाजाराला आली. तिच्यासाठी अंगणात नवं छप्पर घातलं.

आता दोघंही नाहीत. माझ्याकडे चांगलं यंत्र आहे, गाणीही मी पुरी ऐकतो. पण आपल्या माणसाने एकदा ऐकावं म्हणून इतकी वर्षं वाट बघणारा दुसरा कुणी मला भेटला नाही, आणि तेव्हा मी त्यांना नुसताच हसत होतो याचं आज वाईट वाटतं.