एका ओळीतले सारखे आकडे

प्रयोगशाळेत तिला सगळे तारबाई म्हणत, आणि त्याला कारण होतं. बावीस वर्षांची असताना ती इथे शिकायला आली आणि पहिली तीन वर्षं तिने नुसत्या तारा ओवल्या. केसापेक्षा बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या, खोलीएवढ्या पेटीत ताणून बसवलेल्या साडेचार हजार तारा. कण पेटीतून गेला की जवळच्या तारेत विजेची खूण उमटते. खुणा जोडल्या की त्याची वाट दिसते.

आई फोनवर म्हणायची, "अगं, एवढी शिकलीस ती तारा ओढायला?"

पुढे ती पीएचडी करून डॉक्टर झाली, लग्न झालं, मुलगी झाली, चष्म्याचा नंबर वाढला. पेटी चालूच होती. गट एका दुर्मीळ कणाच्या मागे होता, असलाच तर. चोवीस वर्षांनी त्याच्या अकरा वाटा सापडल्या. कुणाला कधी चहा न विचारणाऱ्या गटप्रमुख सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. नऊ दिवसांनी निबंध छापायला जाणार होता.

तारबाईला एकच गोष्ट खुपत होती. अकरापैकी आठ वाटा पेटीच्या एकाच कोपऱ्यातून गेल्या होत्या. कणाला कोपऱ्याचं काय एवढं प्रेम? तिने कपाटातून तारांची जुनी वही काढली. प्रत्येक तार थरथरवून तिचा ताण मोजायचा आणि वहीत लिहायचा, अशी पद्धत होती. त्या कोपऱ्यातल्या ओळीत सोळा तारा होत्या. सोळाही तारांचा ताण दशांशापर्यंत सारखा लिहिलेला. खऱ्या तारा इतक्या शहाण्यासारख्या कधी वागत नाहीत. अक्षर तिचंच होतं.

तिला आठवलं. पेटी बंद करायचा दिवस, घरी जायची घाई. पहिली तार मोजली आणि बाकीच्या पंधरांपुढे तोच आकडा उतरवून काढला.

घरी आल्यावर तिने देवापुढे हात जोडले. मागितलं काहीच नाही, काय मागायचं तेच सुचेना. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, "चोवीस वर्षांपूर्वीचं कोण बघायला जातंय?" मग म्हणाला, "आपल्या पोरीने गणिताची उत्तरं उतरवली, तर तू दोन दिवस बोलली नव्हतीस तिच्याशी."

"तेच तर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने वही टेबलावर उघडून ठेवली. "हे आकडे मी मोजलेले नाहीत. सैल तार खोटी खूण देते. पेटी उघडा. नाहीतर निबंधावरून माझं नाव काढा."

सरांचा चेहरा उतरला. "बाई, मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, सर. म्हणून तर रात्रभर विचार करून आलेय."

मागून कुणीतरी म्हणालं, "स्वतःच्या पायावर धोंडा मारायचा तर मारावा. आमच्या पायांवर कशाला?" तिने वही उचलली नाही. सरांनी वही जवळ ओढली आणि त्या सोळा आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उघडा."

पेटी उघडायला सात आठवडे लागले. सोळापैकी दोन तारा चांगल्याच सैल निघाल्या. हिशेब पुन्हा झाला, तेव्हा अकराच्या तीन वाटा उरल्या. तीन म्हणजे काहीच नाही, एवढ्या तर योगायोगानेही दिसतात. निबंध बारगळला. कँटीनमध्ये महिनाभर तिच्या टेबलावर कुणी बसलं नाही.

तिने त्या दोन तारा काढून टाकल्या आणि भिंग लावून नव्या ओवल्या. आताशा हात थोडा कापायचा, म्हणून एकेका तारेला अर्धा दिवस गेला. पेटी बांधली तेव्हापासूनचे फिटरकाका शेजारी उभे होते. तिने दोन्ही तारांचा ताण मोजून लिहिला आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

"माझा आकडा झाकून तुम्ही मोजा."

"माझ्यावर एवढा विश्वास?" काका हसले.

"तुमच्यावर आहे हो. माझ्यावर नाही."

काकांनी मोजलं. त्यांचा आकडा दशांशाने वेगळा आला. तिने तो तसाच आपल्या आकड्याशेजारी लिहिला, आणि उरलेल्या चौदा तारांकडे वळली.