मेरीच्या डोळ्यातला लाल ठिपका

या ग्रुपवर कुणी असले अनुभव टाकले की खाली 'चष्म्याचा नंबर तपासून घ्या' अशी कमेंट करणारा माणूस मीच. तळोज्याच्या एका कंपनीत उभा जन्म क्वालिटी इन्स्पेक्शनला गेला. मायक्रोमीटरवर दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा... आज मीच लिहायला बसलोय, तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

आम्ही पनवेलचे, वडाळे तळ्याजवळ राहतो. बायको नंदा पेणची, म्हणजे गणपतीच्या कारखान्यातच वाढलेली. लग्नानंतर आमच्या आळीतल्या कारखान्यात ती आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग कुणीही देईल, पण डोळे नंदावहिनीच काढणार, हे इथे ठरलेलं. तिच्या वडिलांची एक खूण होती — बुबुळ झालं की नाकाकडच्या कोपऱ्यात लाल रंगाचा बारीकसा ठिपका. त्याने डोळा जिवंत दिसतो म्हणे. ती तो ठिपका न चुकता द्यायची.

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, उतार नाही. कारखान्याचा मालक बाळू भला माणूस. तो तोंडाने काही बोलला नाही, फक्त मूर्ती दुसऱ्या कारागिराकडे द्यायला लागला. तेव्हापासून नंदा त्या रस्त्याने भाजी आणायलाही जाईना. चारचौघांत उभी राहिली की उजवं मनगट डाव्या हाताने गच्च धरून ठेवायची. मला ते बघवायचं नाही.

फेब्रुवारीत आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. मी म्हटलं, महाबळेश्वरला जाऊ. ती म्हणाली, रेवदंड्याकडची जुनी चर्च बघायचीत... त्यांच्या देवांचे डोळे कसे काढलेत ते एकदा पाहायचंय. खपली काढायची एवढी हौस असेल तर चल, असं मी म्हणालो. बायकोशी गोड बोलणं मला कधी जमलेलं नाही.

सकाळी सातला निघालो. पेण, वडखळ, अलिबाग करत रेवदंडा. किल्ल्यातली पोर्तुगीजांची चर्च पडकी, वर छप्पर नाही, कमानींवरची नक्षी तेवढी टिकलेली. पुढे एका जुन्या चर्चमध्ये मात्र लाकडी संत होते. नंदा बराच वेळ उभी राहून बघत होती, मग सरळ गुडघ्यांवर बसली आणि मलाही बसवलं. उभं राहून पाहताना कुठेतरी जमिनीकडे बघणारा तो संत आता थेट माझ्याकडे बघत होता. ती म्हणाली, गणपतीसुद्धा समोर बसलेल्याकडे बघतो, उभ्याकडे नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या चर्चच्या गावाचं नाव देत नाही, उगाच गर्दी व्हायची. दारातून आत शिरताशिरता मी मोबाईलवर एक फोटो काढला — पुढे नंदा, मागे टेबलावर उतरवून ठेवलेली मेरीची मूर्ती. मग जवळ गेलो तर मूर्तीचा डावा डोळा कोराच, नुसता पांढरा. तिथली देखभाल करणाऱ्या रोझीमावशींनी सांगितलं, रविवारी सण, म्हणून मूर्ती रंगवायला काढली होती. पेंटर एक डोळा करून तापाने घरी जाऊन पडला, तो परत आलाच नाही.

"ही डोळे काढते," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

नंदाने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, जीभ हासडून टाकावी. पण मावशींनी तोवर फादरना फोन लावला होता, आणि फादर चक्क हो म्हणाले. नंदा खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, माझा हात थरथरतो."

"माजा पन थरथरतो, बाय," मावशी म्हणाल्या. "मेनबत्ती लावताना तेवडा नाय थरथरत."

पेंटरच्या डब्यातला बारीक ब्रश नंदाने उचलला. सवयीने मी घड्याळ पाहिलं — अकरा चाळीस. तिने मनगट सोडलं, श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. मी जन्मभर मशीनची व्हायब्रेशन पाहिलीत. त्या हातात व्हायब्रेशन शून्य होतं. पापणी झाली, बुबुळ झालं... आणि सवयीने तिने कोपऱ्यात लाल ठिपकाही देऊन टाकला! मग जीभ चावली. मेरीच्या दुसऱ्या डोळ्यात ठिपका कुठे होता? ती पुसायला गेली तर मावशींनी हात धरला.

"राऊ दे. आयचा डोला हाय, जरा लाल असनारच."

गाडीत नंदा वडखळपर्यंत रडत होती. माझेही डोळे वाहत होते. मी उन्हावर ढकललं.

संध्याकाळी घरी सोफ्यावर बसून फोटो बघत होतो. दारातून काढलेला तो पहिला फोटो मोठा केला आणि चष्मा काढून पुसला. मेरीचे दोन्ही डोळे पूर्ण होते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका. फोटोची वेळ अकरा वाजून चार मिनिटं. वेळ चुकली असेल म्हणावं, तर फोटोतली नंदा उजवं मनगट गच्च धरून उभी आहे. ब्रश उचलल्यानंतर तिने ते पुन्हा धरलेलंच नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं आणि हात पुन्हा बिथरला तर? चहाचा कप अजूनही तिच्या हातात खुळखुळतो, पण ब्रश धरला की हात खांबासारखा. काही कामांत थरथर थांबते, असं डॉक्टर म्हणाले. बरं, मान्य. पण फोटोचं काय? मुलीच्या कॉम्प्युटरवरही तपासला, कुठेच खोट सापडली नाही. 'कारण सापडलं नाही' असं मी इन्स्पेक्शन रिपोर्टवर कधी सहजासहजी लिहिलेलं नाही, ते इथे लिहितोय.

हाताचं कानावर गेलं तसा यंदा बाळू स्वतः घरी आला. कारखान्यातल्या झाडून सगळ्या मूर्तींचे डोळे नंदाने काढले. विसर्जन झालं, तेव्हा कुठे मी धीर करून तिच्यासमोर मोबाईल धरला.

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.  मी फोटोची वेळ सांगितली, अकरा चार.

"वरची पापणी जरा जाड झालीय," ती म्हणाली. "फेब्रुवारीत जाऊ तेव्हा नीट करते."